हीटर

गालाशील्सहून निघालो तेव्हा पहाटेचे पाच,
पारा शून्याखाली सहा.
इम्तियाजनं त्याच्या दुकानातली चिप्स बांधायची वर्तमानपत्रं
आम्हा चौघांच्या छातीवर, जॅकेटच्या आत, घड्या घालून कोंबली.
मला आलं खेळाचं पान, मर्डोला निधनवार्तांचं.
"बघून घे," कात्रीना म्हणाली,
"तुझं नाव नाही ना."

दोनशे नव्वद मैल. एका बससाठी.
थर्सोची माणसं आठवड्यातून तीनदा
इन्व्हर्नेसला रक्त धुवायला जातात,
आणि त्या जुन्या बसचा हीटर गेल्या नाताळापासून गप्प आहे.
मर्डोचा भाऊ ती चालवतो. तो सांगतो,
जाताना गप्पा असतात, हवामान, नातवंडं,
येताना कुणी बोलत नाही.
धुतलेलं रक्त लवकर गारठतं.

माझ्या साइडकारमध्ये बादली,
लाल, पट्टा बांधून बसवलेली,
पाचव्या गड्यासारखी.
पर्थच्या पंपावर कुणी तिच्यात नोटा टाकल्या,
कुणी बटण,
आणि कुणीतरी एक हातमोजा. डावा.

थंडी बोचते म्हणतात.
बोचायला बोटं लागतात.
ड्रमॉक्टरच्या खिंडीत माझी दहाही
कुठे गेली कळलं नाही,
क्लच दाबत होतं ते मनगट असावं.
मिठाची गाडी पुढे गेलेली,
आणि तिच्या मागे रस्त्यावर उतरलेली हरणं
डांबर चाटत उभी.
आम्ही चार दिवे येताना पाहूनही
त्यांनी जिभा आत घेतल्या नाहीत.
वाट आम्हीच काढली, कडेकडेनं.

दुपारी भांडलो.
मर्डोला थांबायचं होतं, इम्तियाजला अंधाराआधी पोचायचं होतं,
आणि मी, पस्तीस वर्षं पोस्टाची गाडी हाकलेली बाई,
दोघांनाही असं काही बोलले
की कात्रीनानं हेल्मेटची काच खाली ओढली
आणि पुढचे साठ मैल वर केली नाही.

बेरीडेलच्या वळणांवर मागून हॉर्न आला.
तीच बस.
पुढे जाऊन थांबली, दार उघडलं,
आणि खांद्यावर घोंगडी, दंडावर ताजी पट्टी
अशा डोनाल्डिना गन पायरीवर आल्या.
वय ऐंशीच्या पुढे.
आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"अगं बाई! ह्या पोरांना आत घ्या आधी."
पोरं! इम्तियाजचे गुडघे दोन्ही बदललेले.

आत हीटर नव्हताच.
पण नऊ माणसांचे श्वास होते,
काचांवर जमलेले, ओघळणारे,
आणि आम्ही त्यात दाटीवाटीनं बसलो
ओल्या मेंढरांसारखे.
कुणीतरी माझे हात आपल्या काखेत घेतले.
कुणाचे, ते मी बघितलं नाही,
बघितलं असतं तर लाज वाटली असती.

गनबाईंनी बादलीत दोन पौंड टाकले,
मग वाकून पाहिलं. "हा मोजा कुणाचा? जोडी कुठाय?"
मग विचारलं, "आणि गोळा कशासाठी करताय?"

गिऱ्हाइकाशी तासभर बोलणारा इम्तियाज
बुटाच्या नाड्या बघत राहिला.
"हीटरसाठी," मर्डो शेवटी म्हणाला.
"कुठल्या?"
पुढच्या सीटवर त्याचा भाऊ हसायला लागला,
आणि मग मागून एक जण, आणि मग सगळेच,
दंडावरच्या पट्ट्या सांभाळत.
येताना कुणी बोलत नाही म्हणे.

उरलेले चाळीस मैल बस आमच्या मागेच राहिली,
सावकाश,
तिचा उजेड आमच्या पाठीवरून पुढच्या रस्त्यावर.
आमच्या सावल्या लांब, आमच्याही पुढे धावणाऱ्या.

रात्री थर्सोत अंघोळीला कपडे काढले
तर छातीवर उलटी अक्षरं उमटलेली,
कुठल्याशा सामन्याचा निकाल,
तीन का आठ, नीट लागेना.
साबणानं गेली नाहीत.
मीही फार घासलं नाही.